ट्रॅक पाहिलेली गाडी

आपल्याकडे जुन्या गाडीच्या जाहिरातीत 'सिंगल हँड, डॉक्टरांनी वापरलेली' असं लिहिलं की गिऱ्हाईक थोडं सैलावतं. युरोप-अमेरिकेतल्या स्पोर्ट्स कारच्या बाजारात तोच मान 'ट्रॅकवर कधीही नेलेली नाही' या वाक्याला आहे. गंमत म्हणजे हे वाक्य सर्वांत जास्त दिसतं ते ट्रॅकसाठीच बनवलेल्या गाड्यांच्या जाहिरातीत. पोर्शे 911 जीटी3 हे त्याचं ठळक उदाहरण. 1999 साली आलेल्या पहिल्या जीटी3 मध्ये मागची सीट नव्हती आणि तिच्या इंजिनाचं नातं 1998 ची ल मां शर्यत जिंकणाऱ्या 911 जीटी1 शी होतं. 2021 च्या जीटी3 चं इंजिन 510 हॉर्सपॉवरचं, 9,000 आरपीएमपर्यंत चढणारं. तिने जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफे ट्रॅकची 20.8 किलोमीटरची फेरी 6 मिनिटं 59.927 सेकंदांत पूर्ण केली, आणि कंपनीने हा आकडा जगभर मिरवला. गाडी नवी विकताना ट्रॅकवरचा वेळ सांगायचा आणि जुनी विकताना तिने ट्रॅक पाहिलाच नाही अशी शपथ घ्यायची, असा हा व्यवहार आहे.

ट्रॅकवर नेणं म्हणजे शर्यतीत उतरणं नव्हे. 'ट्रॅक डे'ला एखादी संस्था दिवसभरासाठी सर्किट भाड्याने घेते, मालक शुल्क भरून आपापल्या गाड्या आणतात आणि वीस-तीस मिनिटांच्या पाळ्यांमध्ये चालवतात. कोणी जिंकत नाही, हरत नाही. संध्याकाळी बरेचजण त्याच गाडीने घरी जातात. नॉर्डश्लाइफेवर तर ठरावीक दिवशी कोणीही तिकीट काढून आपली गाडी आत नेऊ शकतो. अशा दिवसांचा गाडीच्या किमतीवर परिणाम होतो हे खरं, पण तो किती आणि कशामुळे होतो हे जाहिरातीतल्या त्या एका वाक्यातून कळत नाही. ते कळतं गाडीच्या अंगावरच्या खुणांवरून, आणि पोर्शेच्या बाबतीत इंजिनाच्या कंप्युटरमधल्या एका छोट्या तक्त्यावरून.

हा तक्ता म्हणजे ओव्हर-रेव्हची नोंद. इंजिन लाल रेषेपाशी किंवा तिच्यापलीकडे फिरलं की कंप्युटर त्या वेळी झालेले स्पार्क मोजून ठेवतो. 911 च्या 996 या पिढीत या नोंदीचे दोन कप्पे होते, पुढच्या 997 पिढीपासून ते सहा झाले. पहिला कप्पा लाल रेषेच्या आसपासचा, सहावा तिच्या खूप वरचा. प्रत्येक कप्प्यापुढे दोन आकडे असतात: स्पार्क किती, आणि त्यातला शेवटचा इंजिनाच्या आयुष्यातल्या कितव्या तासाला. अधिकृत वर्कशॉपमधला तंत्रज्ञ निदानयंत्र जोडतो आणि काही मिनिटांत कागद हातात देतो.

कागद पहिल्यांदा पाहणारा हबकतो, कारण आकडे हजारांत असतात. हिशेब मात्र साधा आहे. सहा सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात एका फेऱ्यात तीन स्पार्क होतात. 8,400 आरपीएम म्हणजे सेकंदाला 140 फेरे, म्हणजेच 420 स्पार्क. पहिल्या कप्प्यात 1,260 हा आकडा दिसला तर गाडीच्या सबंध आयुष्यात इंजिन त्या पट्ट्यात जेमतेम तीन सेकंद होतं, एवढाच त्याचा अर्थ. ट्रॅकवर मजेत चालवलेल्या गाडीच्या खालच्या कप्प्यांत यापेक्षा कितीतरी मोठे आकडे सापडतात आणि जाणकार तिकडे फारसं लक्ष देत नाहीत. ॲक्सिलरेटर दाबून इंजिन मर्यादेपर्यंत नेलं की रेव्ह लिमिटर मध्ये पडतो आणि वेग तिथेच रोखतो. इंजिन त्याच बेताने घडवलेलं असतं.

वरच्या कप्प्यांची गोष्ट वेगळी. चौथ्या, पाचव्या, सहाव्या कप्प्यात ॲक्सिलरेटर दाबून पोचता येत नाही. तिथे पोचण्याची वाट एकच, ती म्हणजे चुकीचा गिअर. चौथ्या गिअरमध्ये 8,000 आरपीएमवर असलेल्या ड्रायव्हरला पाचवा टाकायचा आहे आणि घाईत तिसरा पडला, अशी कल्पना करावी. क्लच सुटताच चाकं इंजिनाला फिरवू लागतात. इथे लिमिटरचं काही चालत नाही, कारण इंधन तोडलं तरी धावत्या गाडीचं वजन इंजिनाला दहा हजार आरपीएमच्या पलीकडे ओढतं. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवर येणारा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 8,400 वरून 10,200 म्हणजे वेगात जेमतेम वीस-बावीस टक्के वाढ, पण ताण जवळजवळ दीडपट. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांना इतक्या वेगात व्हॉल्व्ह वेळेवर मिटवता येत नाहीत आणि वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हला धडकू शकतो. इंग्रजी बोलणारे शौकीन याला 'मनी शिफ्ट' म्हणतात. इंजिन जागीच फुटलं तर प्रश्न मिटतो. खरा धोका त्या इंजिनाचा, जे त्या दिवशी वाचलं, पण ज्याचे रॉडचे बोल्ट किंचित ताणले गेले.

म्हणून दुसरा आकडा, म्हणजे तास, पहिल्याइतकाच महत्त्वाचा. समजा इंजिन एकूण 612 तास चाललं आहे आणि पाचव्या कप्प्यातली शेवटची नोंद 140 व्या तासाची आहे. म्हणजे त्या चुकीनंतर इंजिन पावणेपाचशे तास धडधाकट चाललं. काही मोडायचं असतं तर एव्हाना मोडलं असतं, असा तर्क घेणारा करतो आणि तो बराचसा रास्त आहे. तीच नोंद 609 व्या तासाची असेल तर चुकीनंतर लगेच गाडी विकायला काढली असा संशय येतो. पोर्शेची अधिकृत जुन्या गाड्यांची योजना 111 मुद्द्यांच्या तपासणीवर चालते. वरच्या कप्प्यात ताजी नोंद असेल तर तिथली वॉरंटी मिळणं अवघड होतं, आणि वॉरंटी नसलेल्या जीटी3 चा भाव खाली येतोच. पीडीके या स्वयंचलित गिअरबॉक्सच्या गाड्यांत ही भीती नाही, कारण इंजिनाला झेपणार नाही असा गिअर तो गिअरबॉक्स मुळात टाकतच नाही.

तासांचा आणखी एक उपयोग आहे. किलोमीटरला तासांनी भागलं की गाडीचा सरासरी वेग निघतो. 30,000 किलोमीटर आणि 600 तास म्हणजे ताशी 50, हमरस्ता आणि शहर असा मिश्र वापर. मुंबईच्या गर्दीत ताशी 20 च्या सरासरीने चालणारी गाडी 10,000 किलोमीटरमध्येच 500 तास भरते. ओडोमीटरवर ती कोवळी दिसते, इंजिन मात्र बरंच चाललेलं असतं. हा भागाकार कोणत्याही जुन्या गाडीचा करून पाहण्यासारखा आहे. फक्त तास दाखवणारं यंत्र हाताशी हवं.

तक्त्याची मर्यादाही मोठी आहे. तो फक्त इंजिनाचे फेरे मोजतो. ट्रॅकवर सर्वांत आधी दमतात ते ब्रेक, आणि त्यांच्याबद्दल त्यात अवाक्षर नसतं. 1,500 किलोची गाडी ताशी 250 वरून 100 वर आणायची तर सुमारे 30 लाख जूल ऊर्जा चार-पाच सेकंदांत उष्णतेत बदलावी लागते. एवढ्या उष्णतेत साध्या तापमानाचं नऊ लिटर पाणी उकळीला येईल. रस्त्यावर 80 वरून शून्यावर येताना याच्या आठव्या हिश्शाएवढीच उष्णता निघते, तीही अधूनमधून. सर्किटवर हे प्रत्येक सरळ पट्ट्याच्या शेवटी होतं आणि डिस्क निवायच्या आत पुढचं वळण येतं. डॉट 4 प्रकारच्या ब्रेक फ्लुइडचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, आणि पाणी शोषून जुनं झाल्यावर किमान 155. मधला फरक म्हणजे काय, ते जुन्या फ्लुइडवर ट्रॅकला उतरलेल्या माणसाला तिसऱ्या-चौथ्या फेरीत समजतं. पेडल मऊ होतं आणि तळाशी जाऊन टेकतं.

ब्रेकच्या खुणा लपवणं कठीण आहे. लाल कॅलिपर तापून तपकिरी होतात, पिवळे मातकट. पिवळे कॅलिपर म्हणजे पोर्शेचे कार्बन-सिरॅमिक ब्रेक, 2001 च्या 911 जीटी2 पासून आलेले. रस्त्यावर या डिस्क वर्षानुवर्षं टिकतात. ट्रॅकच्या भट्टीत मात्र त्यांच्यातला कार्बन हळूहळू जळतो. जाडी तितकीच राहते आणि वजन घटतं. म्हणून तंत्रज्ञ अशी डिस्क काढून काट्यावर ठेवतो आणि तिच्या मधल्या भागावर कोरलेल्या किमान वजनाशी ताडून पाहतो. काही ग्रॅमचा हा फरक घेणाऱ्याच्या दृष्टीने लाखो रुपयांचा असतो, कारण चार नव्या सिरॅमिक डिस्कच्या किमतीत एक बरी नवी हॅचबॅक येईल. हुशार मालक गाडी घेताच सिरॅमिक डिस्क काढून कपाटात ठेवतात, ट्रॅकवर लोखंडी डिस्क झिजवतात आणि विकताना मूळ संच परत बसवतात. यात फसवणूक नाही, उलट शहाणपण आहे. पण कोऱ्या करकरीत सिरॅमिक डिस्क पाहून 'ही गाडी ट्रॅकवर गेलेली नाही' असा निष्कर्ष काढणारा चकतो.

बाकीच्या खुणा कोणीही वाकून पाहू शकतो. टायरच्या बाजूवर चार अंक असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. 2021 च्या, 6,000 किलोमीटर चाललेल्या गाडीवर 2024 चे टायर दिसले तर पहिला संच कुठे गेला, हे विचारायलाच हवं. टायरच्या कडा खरवडल्यासारख्या आणि मधला भाग शाबूत, ही वळणं जोरात घेतल्याची खूण. मागच्या चाकांच्या कमानीत रबराचे काळे चिकट तुकडे सापडतात, ते ट्रॅकवर इतरांच्या टायरचे सुटलेले आणि तापलेल्या टायरने उचलून फेकलेले. पुढच्या बंपरवर दगडांचे बारीक टोचे, गाडीच्या तळाला कडेच्या उंचवट्यावर घासल्याचे ओरखडे, मागच्या सीटच्या जागी पट्टे बांधायला पाडलेली भोकं. रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र पत्र्यावर टेकवलं की कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन दाखवतो. एखाद्याच दरवाजावर तो 300 निघाला तर तो दरवाजा पुन्हा रंगवलेला आहे.

इतक्या खुणा पाहून ट्रॅकवर गेलेली गाडी टाळलेलीच बरी, असं वाटू शकतं. तसं वाटून घेऊ नये. ट्रॅकवर नियमित जाणारा मालक बहुधा ठरलेल्या मुदतीच्या बऱ्याच आधी तेल बदलतो, दर मोसमाला ब्रेक फ्लुइड बदलतो, अलाइनमेंट तपासतो आणि पावत्या जपतो. अमेरिकेत असे मालक वापरलेलं तेल प्रयोगशाळेत पाठवतात. लोखंड, तांबं, शिसं यांचं प्रमाण तिथे मोजतात आणि बेअरिंग झिजू लागलं की आवाज यायच्या कितीतरी आधी कळतं. अशा अहवालांची फाइल असलेली गाडी आणि गॅरेजात चादरीखाली उभी राहिलेली, पाच वर्षांत एकदाच तेल बदललेली गाडी, यांत पहिलीचं इंजिन अधिक भरवशाचं. उभ्या गाडीचे सील सुकतात, टायर एका जागी चपटे होतात, बॅटरी मरते. बाजार तरीही दुसरीला जास्त पैसे देतो. ओडोमीटरवरचा छोटा आकडा सगळ्यांना दिसतो, तेलाचे अहवाल वाचायला कोणी बसत नाही.

गाडीच्या कुंडलीत ट्रॅकपेक्षा कारखान्याचाच दोष भारी ठरल्याची उदाहरणं पोर्शेच्याच घरात आहेत. 2014 च्या सुरुवातीला युरोपात दोन नव्या जीटी3 पेटल्या. कनेक्टिंग रॉडचा बोल्ट सैल होत होता, हे तपासात निघालं. कंपनीने मालकांना गाडी न चालवण्याची सूचना दिली आणि मार्च महिन्यात सर्वच्या सर्व 785 गाड्यांची इंजिनं बदलण्याचा निर्णय जाहीर केला. याच पिढीत पुढे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या सुट्या भागांची झीज दिसू लागली, तेव्हा इंजिनाची हमी दहा वर्षांपर्यंत वाढवण्यात आली, गाडी विकली तर नव्या मालकाकडे जाणारी. या पिढीची जुनी जीटी3 घेताना पहिला प्रश्न इंजिन कोणत्या आवृत्तीचं आणि हमी कधीपर्यंत, हा असायचा. ट्रॅकचा नंबर त्यानंतर लागायचा.

त्याआधीच्या साध्या 911 आणि बॉक्स्टरची गोष्ट याहून बोलकी. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या त्यांच्या एम96 इंजिनात मधल्या शाफ्टचं बेअरिंग निकामी होऊन अख्खं इंजिन जात असे. अमेरिकेत त्यावरून सामूहिक दावा झाला. अत्यंत जपून, हळू चालवलेल्या गाड्यांतही हा दोष निघाला. उलट याच इंजिनाला ट्रॅकवर निराळा त्रास. चिकट टायर घालून लांब वळण घेतलं की तेल एका बाजूला सरकतं आणि पंपाला ते पुरेसं मिळत नाही. जीटी3 च्या इंजिनात तेलाची स्वतंत्र टाकी आणि जास्तीचे पंप असल्याने तिला ही अडचण येत नाही. म्हणजे एकाच कंपनीच्या, बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन गाड्या एकाच सर्किटवर सारख्याच जोमाने चालवल्या, तरी एकीला ते मानवतं आणि दुसरीचं आयुष्य घटतं. मॉडेल न पाहता सरसकट भाव पाडणं म्हणून चुकीचं ठरतं.

घेणारा कोण, यावरही बरंच ठरतं. 2016 ची 911 आर फक्त 991 बनली आणि बाजारात येताच मूळ किमतीच्या पटीत विकली जाऊ लागली. अशा गाडीचं गिऱ्हाईक संग्राहक असतं. त्याला दर हजार किलोमीटरमागे किंमत उतरताना दिसते, मग ट्रॅक दूरच राहिला. याउलट युरोपात जीटी3 वर 'क्लबस्पोर्ट' हा पर्याय कंपनीच देते: मागे लोखंडी रोल केज, सहा बिंदूंचे पट्टे, अग्निशामक. ती घेणाऱ्याला गाडीने ट्रॅक पाहिल्याचं वावडं नसतं. कोणी, कसा पाहिला, एवढंच तो विचारतो.

काही कंपन्यांनी हा संकोच मुळातच काढून टाकला. ह्युंदाईने ऑस्ट्रेलियात आय30 एन विकताना स्पर्धा नसलेल्या ट्रॅक डेचा वापर पाच वर्षांच्या वॉरंटीत धरला. जपानमध्ये निसान जीटी-आर रस्त्यावर ताशी 180 ला अडते, पण ओळखीच्या सर्किटवर पोचल्याचं जीपीएसवरून तिला कळलं की ड्रायव्हरला ती मर्यादा उठवता येते. गाडी ट्रॅकवर जाणार हे निर्मात्यानेच मान्य केलं की मालकाला लपवण्याचं कारण उरत नाही, आणि घेणाऱ्याला खरा इतिहास मिळण्याची शक्यता वाढते.

लपवालपवीची सर्वांत मोठी जागा अपघात ही आहे. अमेरिकेत गाडीचा इतिहास सांगणारे अहवाल पोलीस आणि विमा कंपन्यांच्या नोंदींवर उभे असतात. सर्किटवरच्या धडकेत सहसा पोलीस येत नाहीत आणि नेहमीचा विमा नुकसान देत नाही. मालक स्वतःच्या खिशातून दुरुस्ती करतो आणि कागदावर गाडी निष्कलंक राहते.

भारतात तर ही फट आणखी रुंद आहे. आपल्या मोटार विम्याच्या प्रमाणित मसुद्यातच संघटित शर्यती, वेगचाचणी आणि टिकाऊपणाच्या चाचण्यांसाठी केलेला वापर वगळलेला आहे. ट्रॅक डे ही शर्यत नाही असा युक्तिवाद करता येईल, पण चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला किंवा कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेला बंपर फुटला तर दावा टाकायला सहसा कोणी धजावत नाही. पुण्या-मुंबईच्या मालकाला ही दोन्ही सर्किटं आणि ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, सगळीच हजार किलोमीटरपलीकडे. तरीही जाणारे जातात. जीटी3 आपल्याकडे मोजक्याच, पण फोक्सवॅगन पोलो आणि स्कोडा ऑक्टाव्हिया आरएससारख्या गाड्या सर्किटवर उतरतात आणि काही वर्षांनी जुन्या बाजारात येतात. विकताना त्यांच्यासोबत 50 टक्के नो क्लेम बोनसचा कागद असतो आणि घेणारा तोच अपघात न झाल्याचा पुरावा धरतो. पाच वर्षांत विमा कंपनीकडे दावा केला नाही, एवढंच तो कागद सांगतो.

अशी पोलो घ्यायला निघालेल्याने तो कागद बाजूला ठेवून गाडी लिफ्टवर चढवायला सांगावी. जवळच्या भरवशाच्या गॅरेजात तासाभराच्या पैशांत हे होतं. खालच्या आर्मचे बुश चिरलेत का, ब्रेक फ्लुइड काळं पडलंय का, चेसिसचे मूळ वेल्ड जसेच्या तसे आहेत का, दोन्ही पुढच्या फेंडरचे बोल्ट कधी पाना लागून सोललेत का, हे बघावं. मग विकणाऱ्याला ट्रॅकबद्दल सरळ विचारावं. 'हो, चेन्नईला नेली होती, हे पॅडचं बिल, हे तेलाचं' असं म्हणून त्याने फाइल पुढे केली, तर त्या गाडीचा भाव तेवढ्यासाठी पाडून मागू नये.